आगीत तेल

भांडणात भर घालणाऱ्या माणसास आपण ‘आगीत तेल ओतू नकोस’ असे म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या कोणी प्रथम योजला, त्याने खरी आग व तीत ओतलेले खरे तेल केव्हातरी डोळ्यांनी पाहिले असावे. आज आपल्या अंगणांतून तो प्रकार अक्षरशः घडताना दिसतो, आणि घडतो तोही आनंदाच्या दिवशी. नाताळची संध्याकाळ, गावचे फेस्त, बाप्तिस्म्याची मेजवानी, आखातातून रजेवर आलेल्या भावाचे स्वागत, असे काही निमित्त मिळाले की घरामागे जाळीची शेगडी मांडावयाची, मसाला लावलेली कोंबडी वा मासळी निखाऱ्यांवर भाजावयाची आणि सर्वांनी भोवती जमून गरम गरम खावयाची, अशी पद्धत गेल्या काही वर्षांत बरीच रूढ झाली आहे. तिला इंग्रजीत बार्बेक्यू म्हणतात. पद्धत चांगली आहे. कुटुंब एकत्र येते, गृहिणीची स्वयंपाकघरातून थोडी सुटका होते, आणि एरवी चुलीकडे न फिरकणारे पुरुष त्या दिवशी हौसेने पदार्थ भाजावयास पुढे होतात. ह्या शेवटच्या गोष्टीत कौतुक आहे तसा धोकाही आहे; कारण ज्यांना रोजची सवय नाही त्यांच्याच हाती त्या दिवशी आग असते.

बार्बेक्यू हा शब्द परका आहे. वेस्ट इंडीज बेटांतील मूळचे रहिवासी मांस भाजण्यासाठी आगीवर काठ्यांची माची बांधीत. तिचे नाव स्पॅनिश लोकांनी उचलले व पुढे ते इंग्रजीत आले. निखाऱ्यावर भाजणे मात्र आपणांस मुळीच परके नाही. बेळगावकडील शेतांतून थंडीत गोवऱ्यांची आगटी करून जोंधळ्याचा हुरडा भाजतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे बाफले व बाट्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर शेकतात. हैदराबादेत कोळशांवर तापविलेल्या दगडावर मटणाच्या चकत्या भाजण्याची प्रथा आहे. गोव्यात पावसाळ्याच्या दिवसांत पेजेबरोबर सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून घेतात, हे सांगावयास नकोच. ह्या सर्व जुन्या प्रकारांत आग पेटते ती गवताच्या चुडीने, काड्यांनी, नारळाच्या सोडणाने वा गोवरीच्या तुकड्याने. पेटविणारा माणूस शेजारी उकिडवा बसतो, फुंकणीने फुंकतो आणि वाट पाहतो. त्या चित्रात बाटली कोठेच नाही.

बाटली आली ती घासलेटाबरोबर. दिवे व स्टोव्ह ह्यांच्यासाठी घरात आलेले घासलेट ओल्या लाकडांवर शिंपडण्याची सवय आपल्या आईच्या, आजीच्या पिढीस लागली, आणि त्या सवयीने किती घरांतून हात-तोंड भाजले ह्याची गणती कोणी ठेवली नाही. आता गॅस आला, वीज आली, रेशनचे घासलेट बहुतेक ठिकाणी मिळेनासे झाले. घासलेट गेले, पण हाताची सवय गेली नाही. कोळसा पेटत नाही असे दिसताच तो हात आता स्कूटरच्या टाकीकडे जातो. आमच्या मते आजचा खरा धोका येथे आहे: घासलेटाची सवय असलेला हात पेट्रोल ओतू लागला आहे, आणि ह्या दोन द्रवांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कोणताही ज्वालाग्राही द्रव स्वतः जळत नाही. त्याची वाफ जळते. घासलेट साधारणपणे ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापल्याखेरीज पेट घेण्याजोगी वाफ सोडीत नाही. म्हणूनच थंड घासलेटाचा दिवा वातीशिवाय लागत नाही. पेट्रोलची गोष्ट निराळी. शून्याखाली ४० अंश इतक्या कडाक्याच्या थंडीतही ते पेट घेण्याजोगी वाफ सोडते, मग आपल्या अंगणातील डिसेंबरच्या संध्याकाळचे काय विचारावे! ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही. शेगडीच्या पोटात साचते, काठावरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. डोळ्यांस ती दिसत नाही. ओतणाऱ्यास वाटते की पेट्रोल फक्त कोळशावर आहे; प्रत्यक्षात त्याच्या पायांभोवतीही ते वाफेच्या रूपाने पोहोचलेले असते. मग काडी ओढली की कोळशाबरोबर सभोवतीची हवाच पेटते. असा भडका क्षणभराचाच असतो, पण भुवया, पापण्या, ओठ आणि मनगटे भाजावयास तेवढा क्षण पुरतो.

ह्याहूनही भयंकर प्रकार दुसरा आहे. असे समजा की कोळसा एकदा पेटविला आहे. वरून तो काळा दिसतो, ज्वाळा नाहीत, धूरही फारसा नाही. पाहुणे भुकेले आहेत, मुले ‘झालं का, झालं का’ म्हणून शेगडीभोवती घुटमळत आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, ‘दादा, विझला वाटतं. थांब, थोडं पेट्रोल आणतो.’ पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत तो पेट्रोल घेऊन येतो आणि लांबूनच धार सोडतो. काळ्या दिसणाऱ्या त्या कोळशांच्या पोटात शेकडो अंशांचा ताप असतो. द्रव तेथे पडताच त्याची वाफ होते आणि ती पेटते. ज्योत धारेवरून उलट चढत बाटलीच्या तोंडाशी येते. बाटली अर्धी रिकामी असली तर तिच्या पोटात वाफ व हवा ह्यांचे मिश्रण तयारच असते. ते आत पेटते, आणि उरलेला सर्व द्रव पेटत्या स्थितीत बाटलीच्या तोंडातून पुढे फेकला जातो. अग्निबाणासारखी ती ज्वाळा काही हात लांब जाते. बाटलीचे तोंड ओतणाऱ्याकडे नसते, समोर असते. म्हणून अशा अपघातात पुष्कळदा ओतणारा थोडक्यात बचावतो आणि शेगडीच्या पलीकडे उभे असलेले मूल जळते. वाचकहो, ह्या एका वाक्यापाशी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

ज्योत उलटी बाटलीत शिरू नये म्हणून काय करावे, हे विज्ञानास पूर्वीच ठाऊक झाले आहे. कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन मजूर मरत, त्यासाठी हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१५ साली तारेच्या बारीक जाळीने वेढलेला दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्योत जाळीपलीकडे जाऊ शकत नाही. ह्याच तत्त्वावर पेट्रोलच्या डब्यांच्या तोंडाशी ज्वाळारोधक जाळी असावी, असा कायदा अमेरिकेत २०२० साली झाला. आपल्या पाण्याच्या बाटलीस अशी जाळी नसते. आणि जाळीचा डबा मिळाला म्हणून तो आगीवर धरावा, असाही त्याचा अर्थ नव्हे.

पेट्रोलविषयी जे सांगितले तेच थिनर, स्पिरिट व सॅनिटायझर ह्यांनाही लागू आहे. २०२० च्या साथीनंतर सॅनिटायझरच्या बाटल्या घराघरांतून पडून आहेत. त्यात बहुधा साठ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते, आणि अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून माणूस दुसऱ्यांदा ओतावयास वाकतो तो पेटत्या ज्योतीवरच. घासलेटही निर्दोष नव्हे. थंड कोळशावर ते मंद जळते हे खरे. परंतु गरम कोळसा ३८ अंशांच्या किती तरी पलीकडे असतो, आणि तेथे घासलेटाचीही वाफच होते. शिवाय त्याचा वास पदार्थास लागतो तो वेगळाच. फेणीचा घोट कोळशावर उडवून ज्वाळा दाखविणारे हौशी वीरही आढळतात. त्यांना काय म्हणावे?

तेव्हा नियम एकच ठेवावा. शेगडीत एकदा ठिणगी पडली की तिच्यात बाटलीतील काहीही जावयाचे नाही. मग कोळसा पेटलेला दिसो वा विझलेला.

मग कोळसा पेटवावा कसा? त्यासाठी पत्र्याचा एक जुना डबा पुरे. दोन्ही बाजूंचे पत्रे कापून काढावे, म्हणजे नळकांडे तयार होते. खालच्या कडेशी खिळ्याने आठदहा भोके पाडावी. डब्यास रंग वा वारनिस असेल तर तो अगोदर एकदा मोकळ्या जागी जाळून काढावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र मुळीच घेऊ नये, कारण तापल्यावर त्यातून अपायकारक धूर निघतो. हे नळकांडे शेगडीच्या आतच उभे करावे. तळाशी चुरगळलेल्या कागदाचे दोन बोळे ठेवावे. कागदास स्वयंपाकाच्या तेलाचे बोट लावले तर तो अधिक वेळ जळतो. त्यावर करवंटीचे तुकडे वा वाळलेले सोडण, आणि वर कोळसा. मग खालच्या भोकातून लांब काडीने कागद पेटवावा. हवा खालून शिरते, ताप वर चढतो आणि वीस ते तीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी रंगाची साय धरते. ती धरली म्हणजे कोळसा भाजण्यास तयार झाला. त्यानंतर जाड हातमोजा घालून लांब पकडीने नळकांडे सरळ वर उचलावे. निखारे शेगडीतच राहतात व नंतर चिमट्याने पसरता येतात. बाजारात ह्याच कामासाठी मूठ लावलेली तयार नळकांडी मिळतात; ज्यांस परवडेल त्यांनी अवश्य घ्यावी. भुशाच्या दाबलेल्या विटांचा कोळसा असेल तर पेटावयास आणखी थोडा वेळ लागतो.

ही अर्ध्या तासाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण बाटलीचा मोह ह्या अर्ध्या तासातच होतो. मिस्सा आटोपून मंडळी घरी आल्यावर शेगडी मांडावयास घेतली की सर्वांची भूक तिच्यावर येऊन बसते. त्यापेक्षा घरी राहिलेल्या एखाद्या जाणत्या माणसाने अगोदरच पेटवून ठेवावी, किंवा पाहुण्यांपुढे प्रथम दुसरे काही खाणे ठेवावे. भुकेलेल्या दहा माणसांनी एका शेगडीस घेरले की कोणाच्या तरी हाती बाटली येतेच. शेगडीचा कारभार एकाच माणसाकडे द्यावा, आणि त्याने तो संपेपर्यंत पेल्यास हात लावू नये. सणाच्या दिवशी ही अट काही जणांना जड जाईल. पण एवढे पथ्य न पाळणाऱ्याने शेगडीपासून दूर बसलेलेच बरे.

शेगडी मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर असावी. गवताचे छप्पर, वाळलेल्या झावळ्या आणि सणाचे कागदी आकाशकंदील तिच्यापासून दूर असावेत. शेजारी पाण्याची भरलेली बादली व दुसरी वाळूची ठेवावी. सभोवती खडूने वा चुन्याने एक मीटरचे कुंडल आखून ‘ह्याच्या आत यावयाचे नाही’ असे मुलांस बजावले तर मुले खेळ समजून तो नियम मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात. पोशाख सुती व अंगाबरोबर असावा. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले असावेत. नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड पेटले तर वितळून कातडीस चिकटते, आणि सणाचे झगे नेमके त्याच कापडाचे असतात.

भाजताना चरबी गळून ज्वाळा उठल्या तर मांस बाजूस सारावे. त्यावर पाणी ओतू नये. जाळी घासण्यासाठी तारांचा ब्रश वापरीत असाल तर नंतर ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण तुटलेली तार मांसाबरोबर घशात जाऊ शकते. गॅसवर चालणारी शेगडी असेल तर झाकण उघडे ठेवूनच पेटवावी. एकदोन प्रयत्नांत पेटली नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. हा गॅसही हवेपेक्षा जड असल्याने आत साचून राहतो. आणि ग्वाल्हेरची वा बेळगावची थंडी कितीही बोचो, भाजणे संपल्यावर निखाऱ्यांची शेगडी ऊब घेण्यासाठी बंद खोलीत आणू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही; झोपलेला माणूस जागा होत नाही.

इतके करूनही भाजलेच तर काय करावे, हे आता सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. ह्यांपैकी अनेकांची जखम पहिल्या अर्ध्या तासात घरच्या माणसांच्या हातून कमी होऊ शकते, किंवा वाढूही शकते.

कपड्यांनी पेट घेतला असेल तर धावू नये, धावल्याने ज्वाळा वाढतात. जागीच थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे, हातांनी तोंड झाकावे व लोळावे. दुसऱ्याने घोंगडी, जाड सुती चादर वा गोणपाट टाकून आग दाबावी, किंवा बादलीतील पाणी ओतावे. आग विझताच भाजलेल्या भागावर पाण्याची धार धरावी, आणि ती वीस मिनिटे धरावी. घड्याळ पाहून वीस मिनिटे; अंदाजाने नव्हे, कारण रडणाऱ्या मुलापाशी पाच मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात. आग विझली तरी कातडीतील ताप आत आत शिरत राहतो, आणि तो बाहेर काढण्याचे काम पाणीच करते. नळ नसेल तर विहिरीचे स्वच्छ पाणी तांब्याने एकसारखे ओतत राहावे; एकाने कळशी भरावी, दुसऱ्याने ओतावे. भाजल्यानंतर लगेच जमले नाही तरी तीन तासांच्या आत केलेल्या ह्या उपायाचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. त्याने आधीच दुखावलेल्या कातडीस आणखी इजा होते. लहान मुलाचे उरलेले अंग मात्र कोरड्या चादरीने झाकून उबदार ठेवावे, नाहीतर तेवढ्या वेळात ते गारठते.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, पट्टा काढून घ्यावा. थोड्याच वेळात सूज येते, आणि मग लग्नाची अंगठीही कापून काढावी लागते. कातडीस चिकटलेले कापड ओढू नये, भोवतालचे कापून काढावे.

नंतर कपाटातील औषधांची पाळी येते, आणि येथे शेजाऱ्यांचा सल्ला आवरणे मोठे कठीण असते. एकजण टूथपेस्ट आणतो, दुसरी तूप आणते, तिसरी हळद, कोणी अंड्याचा पांढरा भाग, कोणी शाईसुद्धा. ह्या सर्वांच्या मनात माया असते ह्याविषयी शंका नाही. पण तूप व पेस्ट ताप आतच कोंडून ठेवतात, हळद व शाई जखमेचा रंग झाकतात, आणि कच्च्या अंड्याने जंतू जखमेत शिरतात. जखम किती खोल आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांना हे सर्व खरवडून काढावे लागते. त्या वेळी मुलास होणाऱ्या वेदना ज्यांनी ऐकल्या आहेत ते पुन्हा कधी तुपाचे भांडे पुढे करीत नाहीत. फोड फोडू नये. धुतलेल्या स्वच्छ सुती कापडाने, किंवा अन्न गुंडाळण्याच्या पारदर्शक पातळ प्लॅस्टिकच्या नव्या तुकड्याने जखम सैलसर झाकावी, एवढेच पुरे.

दवाखान्यात केव्हा जावे? चेहरा, हात, पाय, सांधे वा गुप्तांग भाजले असेल तर लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी. भाजलेली जागा रोग्याच्या स्वतःच्या पंजाहून मोठी असेल तर दाखवावी. बोटांसह पंजा हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का भाग असतो. कातडी पांढरट वा काळी पडली असून दुखत नसेल तर ‘दुखत नाही, म्हणजे बरे आहे’ असे समजू नये. तेथील संवेदनाच जळून गेली आहे, आणि ती जखम सर्वांत खोल असते. नाकातील केस जळले असतील, आवाज घोगरा झाला असेल वा श्वास लागत असेल तर एक मिनिटही न घालविता मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण घशाच्या आत सूज चढू लागलेली असते. गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश व तेलंगण ह्या राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी केव्हा घेतले होते हे आठवून ठेवावे. डॉक्टर ते विचारतात.

राहिली ती शेगडीतील राख. मेजवानी आटोपली की निखारे विझल्यासारखे दिसतात, पण राखेखाली ते दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत राहू शकतात. समुद्रकिनारी वा नदीकाठी शेगडी पेटविणारे लोक जाताना निखारे वाळूत पुरतात आणि आपण जागा स्वच्छ केली असे समजतात. वाळू त्यांना विझवीत नाही. ती ताप धरून ठेवते, आणि वर काहीच दिसत नसल्यामुळे तेथून अनवाणी धावणारे कोणाचे तरी मूल त्यावर पाय देते. निखारे पत्र्याच्या बादलीत घेऊन, अंतर ठेवून, कडेने हळूहळू पाणी सोडावे. एकदम ओतले तर वाफेचा लोट तोंडावर येतो. घरच्या अंगणात असाल तर शेगडीवर झाकण ठेवून रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी राखेत पळीने ढवळून पाहावे, हाताने नव्हे. पूर्ण थंड झाली असेल आणि कोळसा साध्या लाकडाचा असेल, तर ती राख नारळाच्या आळ्यात थोडी थोडी टाकावयास हरकत नाही.